इतवारीची पेढी आणि वाडीचे गोदाम : फायरवॉलचे नियम कोणत्या क्रमाने लिहावेत?

हिशेबनीस
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आमचा विजेच्या सामानाचा घाऊक व्यापार आहे. पेढी नागपुरात इतवारीत आणि गोदाम अमरावती रस्त्यावर वाडीला. पेढीवर अकरा संगणक, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा ठेवलेला एक सर्व्हर, दोन प्रिंटर, सोळा कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर आणि बोटाचा ठसा घेणारे हजेरीचे यंत्र आहे. वायफाय एकच असून त्याचा पासवर्ड कर्मचाऱ्यांपासून माल न्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्यांपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. ही सगळी उपकरणे गेली सहा वर्षे एकाच साध्या स्विचवर, एकाच जाळ्यात होती आणि त्यात काही वावगे आहे असे आम्हाला कधी वाटले नाही.

मार्चअखेरीच्या धावपळीत आमच्या सीएंना घरून टॅली पाहता यावी म्हणून, जाळे बसवून देणाऱ्यांनी राउटरवर ३३८९ हे रिमोट डेस्कटॉपचे पोर्ट, म्हणजे दुरून संगणक चालवण्याच्या सेवेचे क्रमांक दिलेले दार, थेट सर्व्हरकडे वळवून दिले. काम झाले, पण पोर्ट उघडेच राहिले. जूनमधल्या एका सोमवारी सकाळी आमच्या मुनीमजींना सर्व्हरवर लॉगिन करता येईना. खाते कुलूपबंद झाल्याचा संदेश येत होता. मी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिक्युरिटीच्या नोंदी उघडल्या तेव्हा ४६२५ या क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदींची रांग लागलेली दिसली. दर दोन-तीन सेकंदांना एक नोंद आणि प्रत्येक नोंदीत वेगळे नाव : अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, टॅली, अकाउंट्स, स्कॅनर, पुन्हा अ‍ॅडमिन. आमच्याकडे स्कॅनर नावाचे खाते कधीच नव्हते. बाहेरच्या पत्त्यावरून यशस्वी झालेली ४६२४ ची एकही नोंद सापडली नाही, म्हणून कोणी आत शिरले नाही असे मी धरून चाललो आहे. पण ती यादी खाली सरकवत असताना माझे हात थरथरत होते. वडिलांनी उभी केलेली पेढी आहे, आणि तिचा सगळा हिशेब त्या एका डब्यात आहे.

पोर्ट त्याच दुपारी बंद केले. त्यानंतर मायक्रोटिकचा एक लहान राउटर आणि व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर वेगळी जाळी, करता येतील असा स्विच घेतला. चार व्हीलॅन केले आहेत : १० हिशेब (सर्व्हर आणि लेखा विभागाचे चार संगणक), २० कर्मचारी (बाकीचे सात संगणक आणि प्रिंटर), ३० कॅमेरे आणि हजेरी, ४० पाहुण्यांचे वायफाय. राउटरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे कोणती वाहतूक सोडायची आणि कोणती अडवायची हे ठरवणाऱ्या व्यवस्थेत, फॉरवर्ड नावाच्या नियमांच्या साखळीत मी पुढील नियम लिहिले आहेत : ४० कडून १० कडे जाणारे अडवा, ४० कडून २० कडे जाणारे अडवा, ३० कडून १० कडे जाणारे अडवा, बाहेरून ३३८९ वर येणारे अडवा, बाहेरून ४४५ वर (फाइल शेअरिंगचे पोर्ट) येणारे अडवा. एवढे पुरेसे आहे का, आणि क्रम बरोबर आहे का, हे कृपया सांगावे. शिवाय दोन अडचणी उरतातच. सीएंना प्रवेश हवा आहे आणि काकांना घरून मोबाइलवर कॅमेरे पाहायचे असतात.

तारजोड
सोमवार, रात्री ११.१५

हिशेबनीस भाऊ, पोर्ट बंद केलेत आणि व्हीलॅन वेगळे केलेत, म्हणजे मोठे काम झाले आहे. मात्र नियमांची यादी मुळातून पुन्हा लिहावी लागेल. तुम्ही कोणाला अडवायचे याची यादी केली आहे आणि अशी यादी कधीच पूर्ण होत नाही, कारण जे तुम्हाला आज सुचले नाही ते सगळे त्यातून सुटते. उदाहरणार्थ, ३० मधल्या डीव्हीआरला २० मधल्या सात संगणकांकडे जायला तुमच्या यादीत कुठेही मज्जाव नाही.

याला एक तांत्रिक कारणही जोडलेले आहे. पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स या फायरवॉल प्रणालींमध्ये कोणत्याही नियमात न बसलेले पाकीट, म्हणजे जाळ्यातून जाणारा माहितीचा तुकडा, आपोआप अडवले जाते. मायक्रोटिकमध्ये तसे नाही : नियम वरून खाली तपासले जातात, जो पहिला लागू पडेल तो अमलात येतो, आणि साखळीच्या शेवटापर्यंत पोहोचलेले पाकीट सोडून दिले जाते. शेवटी ‘बाकी सर्व अडवा’ हा नियम आपण स्वतः लिहिला नाही, तर दारावर रखवालदार आहे पण तो ओळखीच्या चोरांनाच तेवढे थांबवतो, अशी अवस्था होते.

म्हणून राउटरला हात लावण्यापूर्वी एक कोरा कागद घ्या. उभ्या ओळीत ‘कोणाकडून’ आणि आडव्या ओळीत ‘कोणाकडे’ असे लिहून हिशेब, कर्मचारी, कॅमेरे, पाहुणे आणि इंटरनेट अशी पाच बाय पाचची चौकट आखा. आता प्रत्येक घरात, धंद्याच्या कोणत्या कामासाठी ही वाट लागते, ते कामाच्या नावासह लिहा. काम सांगता आले नाही तर घर रिकामे ठेवा. मी आजवर जेवढ्या दुकानांत हे करून घेतले तेथे निम्म्याहून अधिक घरे रिकामीच राहिली, आणि मालकांना त्याचेच सर्वाधिक आश्चर्य वाटले. ‘कॅमेरे’ या ओळीत बहुधा एकही घर भरणार नाही. ‘इंटरनेटकडून’ या ओळीत तर नाहीच.

कागद झाला की फॉरवर्डची साखळी या क्रमाने येते. सर्वांत वर, आधीच जुळलेल्या आणि त्यांच्याशी संबंधित जोडण्या सोडणारा नियम. त्याखाली अवैध पाकिटे टाकून देणारा. मग कागदावरच्या भरलेल्या प्रत्येक घरासाठी एक नियम, त्यात कोठून, कोठे आणि कोणते पोर्ट ही तिन्ही माहिती असलीच पाहिजे, आणि टिप्पणीच्या रकान्यात मराठीत कारण लिहावे. सगळ्यात खाली बाकी सर्व अडवणारा नियम. जुळलेल्या जोडण्यांचा नियम वर असल्यामुळे उत्तराच्या पाकिटांसाठी उलट दिशेचे नियम लिहावे लागत नाहीत. हिशेबाच्या संगणकाने हजेरीच्या यंत्राकडे विचारणा केली तर यंत्राचे उत्तर परत येते, पण यंत्र स्वतःहून कोणाकडे जाऊ शकत नाही.

इनपुटची साखळी वेगळी आहे हे विसरू नका. फॉरवर्ड म्हणजे राउटरमधून पलीकडे जाणारी वाहतूक आणि इनपुट म्हणजे खुद्द राउटरसाठी आलेली. राउटरची मांडणी बदलण्याच्या विनबॉक्स या प्रोग्रामचे ८२९१ हे पोर्ट फक्त तुमच्या एका संगणकावरून उघडे ठेवा. सर्व व्हीलॅनना राउटरकडे डीएनएससाठी (नावावरून पत्ता शोधणे) ५३, डीएचसीपीसाठी (संगणकांना पत्ते वाटणे) ६७ आणि घड्याळासाठी १२३ एवढे द्या, पिंग द्या, आणि बाकी अडवा. राउटरने आतल्या लोकांच्या डीएनएस विचारणांना उत्तर द्यावे म्हणून जी खूण करतो ती बाहेरच्यांनाही लागू होते. इनपुट उघडे राहिले तर तुमचा राउटर दुसऱ्या कोणावर हल्ला करण्यासाठी वापरला जातो आणि तुमची लाइन मात्र विनाकारण मंदावते.

नवशिकी
मंगळवार, सकाळी १०.०५

धागा वाचून रात्रभर झोप लागली नाही असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. रामदासपेठेत आमचे सीएंचे छोटे कार्यालय आहे, सहा संगणक. आम्हाला असे सांगण्यात आले होते की राउटर नॅट करतो, म्हणजे आतल्या सर्वांना बाहेरच्या एकाच पत्त्यामागे ठेवतो, आतले पत्ते बाहेरून दिसत नाहीत, तेव्हा वेगळ्या फायरवॉलची गरज नाही. हे चुकीचे आहे का? आणि एकाच कार्यालयातल्या संगणकांना एकमेकांपासून वेगळे ठेवून नेमके काय साधते?

धंतोलीकर
मंगळवार, दुपारी १.३०

नवशिकी ताई, ते अर्धे बरोबर आहे. १९२.१६८, १० आणि १७२.१६ ते १७२.३१ हे पत्ते १९९६ मध्ये खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवले गेले, ते इंटरनेटवर फिरवले जात नाहीत, आणि नॅटमुळे न मागवलेले पाकीट आत कोणाकडे द्यायचे हेच राउटरला कळत नाही. हे संरक्षण खरे आहे, पण ते नॅटच्या कामाचा आनुषंगिक परिणाम आहे. कोणी एक पोर्ट वळवून दिले की ते संपते, जसे हिशेबनीस यांच्याकडे झाले. राउटरवर यूपीएनपी चालू असेल तर आतले एखादे उपकरण, बहुतेक वेळा डीव्हीआर, कोणालाही न विचारता स्वतःसाठी पोर्ट उघडून घेते. ती सोय आजच बंद करा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर १२ मे २०१७ या तारखेत आहे. त्या दिवशी पसरलेला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस फाइल शेअरिंगच्या ४४५ या पोर्टवरून एका संगणकातून दुसऱ्यात जात होता. ज्या दोषाचा त्याने फायदा घेतला त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळपास दोन महिने आधी, दिली होती. ज्यांनी ती घातली नव्हती त्यांच्या इमारतीत एक संगणक पडला की तो स्वतः शेजारी शोधत फिरे. त्यासाठी कोणाला काही क्लिक करावे लागत नव्हते. बाहेरची भिंत कितीही भक्कम असली तरी कोणाचा तरी लॅपटॉप घरून ती गोष्ट आत घेऊन येतो. त्या क्षणी दुकानाच्या शटरचा उपयोग नसतो, गल्ल्याला वेगळे कुलूप आहे की नाही हे महत्त्वाचे ठरते. कॅमेऱ्यांच्या बाबतीत २०१६ चा मिराई हा घातक प्रोग्राम आठवा : कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदलला नाही एवढ्याच जोरावर त्याने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते.

मात्र एक मर्यादा इथेच सांगून ठेवतो, कारण ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एकाच व्हीलॅनमधले दोन संगणक एकमेकांशी बोलतात तेव्हा ते पाकीट स्विचवरूनच परस्पर जाते, राउटरपर्यंत येतच नाही. त्यामुळे राउटरवर कितीही नियम लिहिले तरी त्या वाहतुकीला ते लागू होत नाहीत. कर्मचाऱ्यांच्या सात संगणकांना एकमेकांकडे ४४५ ची काहीच गरज नसेल, तर प्रत्येकावरच्या विंडोज फायरवॉलमध्ये आत येणारे फाइल शेअरिंग बंद करावे लागते. ‘टॅली चालत नाही’ म्हणून विंडोज फायरवॉल पूर्ण बंद करून ठेवलेले संगणक मी धंतोलीतल्या कितीतरी कार्यालयांत पाहिले आहेत. टॅलीला हवे ते एक पोर्ट उघडायला दोन मिनिटे लागतात. तेवढी दोन मिनिटे खर्च न केल्याची किंमत फार मोठी आहे.

हिंगणेकर
मंगळवार, रात्री ८.२०

एमआयडीसीत आमचे लहान वर्कशॉप आहे. वरील सर्व मुद्दे मान्य. दोन गोष्टी राहिल्या आहेत.

पहिली : इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा जो पांढरा डबा भिंतीवर असतो, त्याचे स्वतःचे वायफाय चालूच असते. आमच्याकडे नवा राउटर, नवे नियम, सगळे झाले आणि महिनाभराने लक्षात आले की स्टोअरचा संगणक अजून त्या डब्याच्या मागच्या छिद्रात खोचलेला आहे आणि निम्म्या कामगारांचे मोबाइल त्याच्या जुन्या वायफायवर आहेत. म्हणजे फायरवॉल ज्यांच्यासाठी घेतली ते तिच्या बाहेरच बसले होते. डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे तो फक्त लाइन पुढे देईल असा, टाकून घ्या, ते जमत नसेल तर निदान त्याचे वायफाय बंद करा आणि त्याच्या मागे तुमच्या राउटरची एकच तार ठेवा.

दुसरी : आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत (जुनी ती आयपीव्ही४). मायक्रोटिकमध्ये आयपीव्ही६ चे नियम वेगळ्या तक्त्यात असतात आणि आयपीव्ही४ साठी लिहिलेला एकही नियम तिकडे लागू होत नाही. शिवाय तिथे सहसा नॅट नसते, प्रत्येक संगणकाला बाहेरून गाठता येणारा पत्ता मिळतो. तेव्हा तुमच्या लाइनवर आयपीव्ही६ येत असेल तर तीच साखळी तिथेही लिहा. फक्त आयसीएमपीव्ही६ सरसकट अडवू नका, शेजारची उपकरणे शोधण्याचे कामच त्यावर चालते.

तारजोड भाऊंच्या एका सूचनेबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. कर्मचाऱ्यांकडून इंटरनेटकडे जाणाऱ्या घरातही ते पोर्ट मोजून लिहायला सांगतात. आम्ही ८० आणि ४४३ सोडून सर्व बंद केले होते. २० तारखेला, जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी, आमच्या बँकेचे पान उघडेना, कारण ते भलत्याच पोर्टवर होते. मालक माझ्या खुर्चीमागे उभे होते आणि मी एकेक नियम बंद करून पाहत होतो. छोट्या धंद्यात बाहेर जाणारी वाहतूक मोकळी ठेवावी असे माझे त्या दिवसापासूनचे मत आहे.

तारजोड
मंगळवार, रात्री १०.५०

पांढऱ्या डब्याचा मुद्दा सोन्यासारखा आहे, तो मी माझ्या कागदावर लिहून ठेवला.

बाहेर जाणाऱ्या वाहतुकीबद्दल तुमचा अनुभव खरा आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. आत शिरलेली गोष्ट नुकसान करते ती बरेचदा बाहेर बोलूनच : हुकूम घेण्यासाठी, डेटा नेण्यासाठी, तुमच्या लाइनवरून टपालाचा कचरा पाठवण्यासाठी. टपाल पाठवायला आपले लोक ५८७ किंवा ४६५ वापरतात आणि वाचायला ९९३. मग पेढीतल्या कोणत्याही संगणकाने २५ वर बाहेर जाण्याचे काय कारण आहे? ४४५ वर तर अजिबातच नाही. चूक पोर्ट मोजण्यात नव्हती, एका दिवसात बंद करण्यात होती. आधी शेवटच्या नियमाच्या जागी ‘सोडा, पण नोंद करा’ असा नियम ठेवायचा आणि पूर्ण एक महिना, म्हणजे जीएसटीच्या ११ आणि २० या तारखा आणि पगाराचा दिवस हे सगळे उलटेपर्यंत, नोंदी पाहायच्या. बँकेचे ते भलते पोर्ट तिथे आपोआप दिसले असते. मग त्याच्यासाठी नियम लिहून शेवटचा नियम ‘अडवा’ असा करायचा.

हिंगणेकर
मंगळवार, रात्री ११.१०

महिनाभर नोंद करण्याची कल्पना मला तेव्हा सुचली नव्हती. सर्व्हर आणि कॅमेरे यांच्यासाठी बाहेरची वाट बंदच असावी हे मला आधीपासून मान्य आहे. कर्मचाऱ्यांसाठी येत्या महिन्यात तुमच्या पद्धतीने करून पाहीन.

हिशेबनीस
रविवार, रात्री १०.३०

आज पेढी बंद असल्याने सकाळी नऊपासून बसलो होतो. जे घडले ते क्रमाने लिहितो, कोणाला तरी उपयोगी पडेल.

कागद शनिवारी रात्रीच आखला होता. पंचवीस घरांपैकी सहाच भरली. कर्मचाऱ्यांकडून सर्व्हरकडे ४४५ आणि टॅलीच्या लायसन्ससाठी आमच्याकडे असलेले ९९९९. हिशेबाकडून प्रिंटरकडे ९१००. हिशेबातल्या एकाच संगणकाकडून हजेरीच्या यंत्राकडे ४३७० आणि डीव्हीआरकडे ८० व ५५४. कर्मचारी आणि पाहुणे इंटरनेटकडे. हिशेबाचे चार संगणक इंटरनेटकडे, पण सर्व्हर नाही. त्याच्या विंडोज अपडेटसाठी एक नियम लिहून तो निष्क्रिय ठेवला आहे, महिन्यातून एकदा हाताने चालू करीन. सातवे घर भरायचा मोह झाला होता. डीव्हीआर बसवणारे फोनवर म्हणाले की त्याला इंटरनेट द्यावेच लागते. कोणत्या कामासाठी, असे विचारले तेव्हा ‘असेच असते’ एवढेच उत्तर मिळाले, म्हणून घर रिकामे ठेवले.

पहिली चूक साडेदहाला झाली. इनपुटच्या साखळीत ‘बाकी सर्व अडवा’ हा नियम मी आधी लिहिला आणि माझ्या संगणकाला सोडणारा नियम त्यानंतर लिहिणार होतो. नियम जोडला, आणि थोड्याच वेळात विनबॉक्सची खिडकी करडी पडून जोडणी तुटली. त्या वेळी वरचा, जुळलेल्या जोडण्यांचा नियमही मी लिहिलेला नव्हता. पुन्हा लॉगिन होईना. शेवटी विनबॉक्समध्ये पत्त्याऐवजी राउटरचा मॅक क्रमांक (उपकरणाचा कारखान्यातून आलेला क्रमांक) निवडला तेव्हा आत जाता आले, नाहीतर सगळे पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती.

दुसरा प्रकार अधिक गोंधळात टाकणारा होता. सर्व नियम लिहून झाल्यावर काकांना फोन करून विचारले की कॅमेरे दिसतात का. ते दिसायला नको होते, पण दिसत होते, आणि स्पष्ट दिसत होते. नियम तीनदा वाचले, क्रम तपासला, काही चूक सापडेना. दोन तास मी याच ठिकाणी अडकून होतो.

धंतोलीकर
रविवार, रात्री ११.००

दोन्हींचे उत्तर देतो. विनबॉक्समध्ये डाव्या बाजूला वर ‘सेफ मोड’ असे बटण आहे. नियमांना हात लावण्यापूर्वी ते दाबावे. मधेच जोडणी तुटली तर तेव्हापासूनचे सर्व बदल राउटर आपोआप मागे घेतो. काम बरोबर झाले की बटण पुन्हा दाबून बदल कायम करायचे. मी वाडीच्या किंवा कळमन्याच्या राउटरवर दुरून काम करतो तेव्हा याशिवाय एक अक्षरही बदलत नाही, कारण चूक झाली तर भर उन्हात गाडी काढून तिथवर जावे लागते.

कॅमेऱ्यांचे कारण तुमच्या पहिल्याच नियमात आहे. डीव्हीआरने बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी सकाळीच करून ठेवली होती. नवा नियम फक्त नव्या जोडणीला लागतो. जुनी जोडणी सर्वांत वरच्या नियमावरून निघून जाते आणि ती तुटेपर्यंत चालूच राहते. फायरवॉलमधल्या ‘कनेक्शन्स’ या पानावर जाऊन डीव्हीआरच्या पत्त्याच्या सर्व ओळी पुसा.

हिशेबनीस
रविवार, रात्री ११.२५

पुसल्या. काकांचा लगेच फोन आला की चित्र गोठले! एवढ्या आनंदाने मी त्यांची तक्रार आजवर कधी ऐकली नव्हती.

आता त्यांना पुन्हा कॅमेरे दाखवायचे आहेत, आणि सीएंचाही प्रश्न आहे. वायरगार्ड, म्हणजे दुरून आत येण्याचा सुरक्षित बोगदा, करावे असे वाटते, पण राउटरच्या बाहेरच्या बाजूला पूर्वी सार्वजनिक पत्ता असे, आता मिळालेला पत्ता मात्र १००.७२ असा सुरू होतो. हे काय प्रकरण आहे?

तारजोड
सोमवार, सकाळी ७.४५

१००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला पत्ता म्हणजे तुमच्या इंटरनेट कंपनीने तुमच्यासह अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवले आहे. अशा वेळी बाहेरून तुमच्या राउटरपर्यंत कोणीच पोहोचू शकत नाही. कंपनीकडे अर्ज करून इतवारीच्या लाइनसाठी स्थिर पत्ता घ्या; व्यावसायिक लाइनवर तो सहसा वेगळे शुल्क घेऊन मिळतो. वाडीला तो घेण्याची गरज नाही. दोन टोकांपैकी एकाचा पत्ता सार्वजनिक असला की पुरते, वाडीचा राउटर स्वतःहून इतवारीला हाक मारील. मात्र वाडीच्या बाजूला दर २५ सेकंदांनी एक पाकीट पाठवण्याची सोय चालू ठेवा, म्हणजे मधल्या नॅटमधली वाट बुजणार नाही.

वायरगार्ड मला आवडण्याचे कारण असे की ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही त्याला ते काहीच उत्तर देत नाही. तुमच्या ३३८९ ला जगातला प्रत्येक जण दार ठोठावून पाहू शकत होता. इथे ठोठावणाऱ्याला दार आहे की नाही हेच कळत नाही. पण वायरगार्ड झाले म्हणजे सुरक्षा झाली असे समजू नका. आत आलेला माणूस कुठवर जाईल हे पुन्हा फॉरवर्डच्या साखळीनेच ठरते. प्रत्येकाला त्या बोगद्यात ठरलेला पत्ता असतो, तोच नियमात लिहा. समजा सीएंना १०.९९.०.५ दिला, तर १०.९९.०.५ कडून सर्व्हरकडे ३३८९, एवढीच वाट. काकांना १०.९९.०.६, तिथून फक्त डीव्हीआर. वाडीच्या गोदामातून सर्व्हरकडे ४४५ आणि ९९९९. किल्ल्या प्रत्येक माणसाच्या वेगळ्या काढा. एखादा मोबाइल हरवला किंवा माणूस नोकरी सोडून गेला, तर त्याची एकच किल्ली काढून टाकता येते.

नोंदींबद्दलही आताच सांगून ठेवतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांमध्ये सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे आणि नोंदी १८० दिवस जपून ठेवणे सांगितले आहे. मायक्रोटिक मूळ मांडणीत नोंदी स्मृतीत ठेवतो, त्याही शेवटच्या १००० ओळी, आणि वीज गेली की त्या पुसल्या जातात. पावसाळ्यात इतवारीत वीज किती वेळा जाते हे मी तुम्हाला सांगायला नको. एखाद्या जुन्या संगणकावर सिसलॉग हा नोंदी गोळा करणारा प्रोग्राम बसवून राउटरच्या नोंदी तिकडे पाठवा. आणि घड्याळ जुळवा. अनेक लहान राउटरांत घड्याळाला सेल नसतो, त्यामुळे वीज परत आल्यावर तारीख भलतीच असते; चुकीच्या वेळेची नोंद पुरावा म्हणून कुचकामी ठरते. त्याच निर्देशांत घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितली आहेत. राउटरने वेळ तिथून घ्यावी आणि डीव्हीआरने राउटरकडून, म्हणजे डीव्हीआरला बाहेर जाण्याचे ते एक निमित्तही उरत नाही.

नवशिकी
सोमवार, दुपारी १२.१५

सीएंच्या बाजूने एक विनंती. आम्हीही दहा-बारा अशिलांच्या संगणकांवर दुरून काम करतो आणि आजवर कोणी आम्हाला अशी ठरलेली वाट दिली नव्हती, सरळ पूर्ण प्रवेश मिळत असे. आमचाच एखादा संगणक बाधित झाला तर तो सर्व अशिलांकडे पोहोचेल, हा विचार मी यापूर्वी केला नव्हता. हिशेबनीस दादा, तुमच्या सीएंना कमी प्रवेश दिल्याबद्दल संकोच बाळगू नका. त्यात आमचेही संरक्षण आहे.

हिशेबनीस
पुढील शनिवार, रात्री ९.१०

स्थिर पत्ता गुरुवारी मिळाला आणि वायरगार्ड काल सुरू झाले. सीएंनी घरून टॅली उघडली. काकांच्या मोबाइलवर किल्ली घालून दिली. डीव्हीआरचे जुने अ‍ॅप काढून नवे लावताना त्यांनी थोडी कुरकुर केली, पण सोळाही चौकोन उघडल्यावर ती थांबली.

मधे एक दिवस प्रिंटरने घेतला. हिशेब विभागाच्या संगणकांना प्रिंटर सापडेना. ९१०० चा नियम होता, पण त्याला लागू पडलेली पाकिटे मोजणारा आकडा शून्यच होता, म्हणजे पाकीट राउटरपर्यंत येतच नव्हते. उलगडा असा झाला की विंडोज प्रिंटर आपोआप शोधते तेव्हा ती हाक व्हीलॅनच्या बाहेर जात नाही. प्रिंटरला स्थिर पत्ता दिला, चारही संगणकांवर तो पत्ता हाताने टाकून प्रिंटर जोडला आणि पहिले बिल निघताच नियमावरचा आकडा हलला. आता कोणतीही अडचण आली की मी प्रथम त्या आकड्यांकडेच पाहतो. आकडा वाढत असेल तर नियम लागू होतो आहे, शून्य असेल तर एक तर वरच्या दुसऱ्या नियमाने पाकीट उचलले आहे किंवा ते इथवर आलेच नाही.

सिसलॉग जुन्या संगणकावर चालू आहे. आज संध्याकाळी पहिल्यांदा सवडीने नोंदी वाचल्या. शेवटच्या ‘अडवा’ नियमात आलेल्या ओळींपैकी निम्म्याहून अधिक एकट्या डीव्हीआरच्या होत्या. थोड्या थोड्या सेकंदांनी तो परदेशातल्या कोणत्या तरी पत्त्याला हाक मारत होता आणि प्रत्येक वेळी अडवला जात होता. गेली सहा वर्षे त्या हाकेला उत्तर मिळत होते आणि आमच्यापैकी कोणालाही ते माहीत नव्हते. उरलेल्या ओळींत कर्मचारी विभागातला एक संगणक २५ वर बाहेर जाऊ पाहत होता. तो डिस्पॅचचा संगणक आहे. त्याची तार आत्ता काढून ठेवली आहे, सोमवारी तो पूर्ण पुसून विंडोज नव्याने घालणार आहे. उद्या सकाळी वाडीला जाऊन तिथला राउटर बसवायचा आहे. सेफ मोडचे बटण दाबूनच सुरुवात करीन.